गौताळ्याच्या पायवाटा आणि पाषाण



छत्रपती संभाजीनगरहून, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेहून, कन्नडच्या रस्त्यानें निघून दौलताबाद, खुलताबाद आणि वेरूळ मागें टाकलें म्हणजे पुढें एक चमत्कारिक अनुभव येतो. मनुष्य डोंगर पाहावयास निघालेला असतो. परंतु डोंगर कांहीं समोर उभा राहत नाहीं. दोन्ही बाजूंस कपाशीचीं शेतें, मधून मधून बाभळी, दूरवर एखादी बुटकी टेकडी, असा साठएक किलोमीटरांचा प्रवास होतो. कन्नड गांव ओलांडून थोडें पुढें जावें तों एकाएकीं जमीनच संपते. पायांखालीं खोल दरी आणि दरीच्या तळाशीं थेट क्षितिजापर्यंत पसरलेला खानदेशचा सपाट मुलूख. ह्या घाटास औट्रम घाट म्हणतात. १८२५ च्या सुमारास खानदेशांत भिल्लांची पलटण उभारणाऱ्या जेम्स औट्रम ह्या इंग्रज अधिकाऱ्याचें नांव त्यास चिकटलेलें आहे.

घाटाच्या दोन्ही अंगांस पसरलेलें रान म्हणजे गौताळा-औट्रमघाट अभयारण्य. शासनानें १९८६ मध्यें तें घोषित केलें. त्याचें क्षेत्र सुमारें २६० चौरस किलोमीटर असून कांहीं भाग आपल्या जिल्ह्यांत, तर कांहीं जळगांव जिल्ह्यांत मोडतो. गौतम ऋषींनीं येथें तप केलें म्हणून गौताळा, अशी लोकसमजूत आहे.

सह्याद्रीचा गिर्यारोहक प्रथम चढतो आणि मग उतरतो. आपल्याकडील प्रकार नेमका उलटा. आपण माथ्यावरच उतरतों, मोठ्या उत्साहानें दरींत जातों, आणि ऊन डोक्यावर आलेलें, पाणी संपत आलेलें, पाय भरून आलेले, अशा वेळीं चढण सुरू होते. ह्याचें कारण असें कीं हे डोंगर वर उचलले गेलेले नाहींत. भोवतालची भूमि झिजून गेली आणि हे उरले. सातमाळा-अजिंठ्याची सबंध रांग म्हणजे दख्खनच्या पठाराचा उत्तरेकडील तुटलेला कांठ होय.

हें पठार झालें कसें, तें थोडक्यांत सांगतों. सुमारें ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वीं भूमीस लांबच लांब भेगा पडून त्यांतून तप्त शिलारस बाहेर आला. पायलीभर पिठाच्या भाकरी एकीवर एक रचाव्या, तसे त्याचे थर एकावर एक पसरत गेले. आजही ह्या थरांनीं सुमारें पांच लक्ष चौरस किलोमीटर भूमि व्यापिली आहे, आणि पश्चिमेकडे त्यांची एकूण जाडी दोन किलोमीटरांहूनही अधिक भरते. भूगोलाच्या पुस्तकांत ह्याला ‘डेक्कन ट्रॅप’ म्हटलेलें असतें. मुलें हा शब्द पाठ करितात, आणि ट्रॅप म्हणजे उंदराचा सापळा अशी मनाची समजूत घालून घेतात. वस्तुतः हा शब्द स्वीडन देशाच्या भाषेंतील जिन्याच्या नांवावरून आलेला आहे. ज्यानें घाटाच्या तोंडाशीं उभें राहून समोरच्या डोंगराची कड पाहिली आहे, त्याला हा अर्थ समजावून सांगावा लागत नाहीं. पायरी, सपाटी, पुन्हां पायरी, पुन्हां सपाटी असा तो जिना स्वच्छ दिसतो.

आतां ह्या जिन्याची घडण जरा बारकाईनें पाहूं. कारण पायवाटेचें सारें रहस्य तिच्यांत आहे. प्रत्येक थराचा मधला भाग सावकाश निवालेला असल्यानें घट्ट असतो. तोच आपला काळा पाषाण. तो झिजतो कमी, आणि तुटतो तेव्हां उभा तुटतो. म्हणून त्याचा कडा होतो. थराचा वरचा भाग मात्र वायूच्या बुडबुड्यांनीं जाळीदार झालेला असतो. ह्या बुडबुड्यांच्या पोकळ्यांत पुढें पाझरत्या पाण्यानें पांढरी गार आणि नानातऱ्हेचे स्फटिक भरले. विहिरी खोदणारे लोक अशा दगडास मांजऱ्या म्हणतात. तो लवकर झिजतो. म्हणून त्याचा उतार किंवा सपाटी होते. आणि दोन थरांच्या सांध्यावर कोठें वीतभर, तर कोठें पुरुषभर जाडीचा तांबडा मातकट पट्टा आढळतो. एक थर निवून त्यावर माती झाली. मग दुसरा तप्त थर वरून आला आणि ती माती विटेप्रमाणें भाजली गेली. दोन उद्रेकांमधील विसाव्याची ती खूण आहे.

गुराख्यांच्या आणि गुरांच्या पायवाटा पाहाव्या. त्या कड्यावरून जात नाहींत, कड्याच्या पायाशीं असलेल्या ह्या मऊ थरावरून आडव्या जातात. वरून मुरणारें पावसाचें पाणी काळ्या पाषाणाच्या भेगांतून खालीं उतरतें आणि तांबड्या पट्ट्याशीं येऊन अडतें. म्हणून झरेही त्याच पातळीवर फुटतात. जेथें झरा तेथें उंबर, जेथें उंबर तेथें वानरांचा कळप. रानांत पाणी शोधावयाचें तर नकाशापेक्षां डोंगराच्या अंगावरील ही तांबडी रेघ अधिक उपयोगी पडते, असा माझा अनुभव आहे. परंतु तोच पट्टा दगा देणाराही आहे. पावसाळ्यांत तो साबणासारखा होतो. आणि खालची माती वाहून गेली म्हणजे वरच्या कड्याची शिळा आधाराविना लोंबकळत राहते. अशा शिळेखालीं सावलीस म्हणून बसणारीं मंडळी मीं पाहिलीं आहेत.

शाळेंत असतांना माझ्या वर्गांत पाथरवटाच्या घरचा एक मुलगा होता. गणितांत तो यथातथाच. एका सहलींत त्यानें हातांत एक गोटा घेतला आणि वाटेवरील दगडांवर तो आपटीत चालला. कोठें खणखणीत नाद निघे, तर कोठें बद्द. ‘गुरुजी, हा पाट्याला चालेल, हा नाहीं चालणार,’ असें तो न पाहतां सांगे. मी मागाहून फुटलेले तुकडे उचलून पाहिले. बद्द बोलणाऱ्या प्रत्येक दगडाच्या पोटांत बुडबुड्यांची जाळी होती. त्या दिवसापासून मीं वर्गांत खडकांचे प्रकार शिकवितांना फळ्याच्या आधीं दोन दगड आणि एक हातोडी टेबलावर ठेवीत आलों.

ह्या विद्येची खरी परीक्षा पाहावयाची असेल तर पितळखोऱ्यास जावें. कन्नडहून पठारावरून जाणारी सडक दरीच्या कांठीं थांबते. तेथून पायऱ्यांनीं खालीं उतरावें लागतें. ओढ्याच्या कांठीं कड्यांत तेरा-चौदा लेणीं आहेत. त्यांतील प्राचीन लेणीं इसवी सनापूर्वींच्या दुसऱ्या शतकापासूनचीं, म्हणजे वेरूळच्या कैलासाहून आठ-नऊशें वर्षांनीं जुनीं होत. चैत्यगृहाच्या खांबांवर पैठणच्या एका गंध विकणाऱ्या घराण्यांतील दात्याचें नांव कोरलें आहे; दुसऱ्या एका लेखांत पैठणच्याच राजवैद्य मागिल ह्याचें नांव येतें. गोदेच्या कांठचा अत्तराचा व्यापारी आणि राजाचा वैद्य ह्या अडचणीच्या खोऱ्यांत येऊन दान देतात, त्या अर्थीं ही वाट तेव्हां वाहती असली पाहिजे. घाटावरून खानदेशांत उतरणारी रहदारी ह्याच मुलुखांतून जात असे.

चौथ्या लेण्याच्या जोत्यावर हत्तींची रांग आहे, आणि दाराशीं भाला-ढाल घेतलेले दोन द्वारपाल. पायऱ्यांच्या बाजूस पांच फण्यांचा नाग कोरलेला आहे. तो केवळ शोभेचा नव्हे. डोंगरांतून येणारें पाणी आंतल्या पन्हळींतून त्याच्या फण्यांवाटे बाहेर पडावें अशी योजना होती. पावसाळ्यांत तो देखावा काय असेल! परंतु मला त्यांत शोभेपेक्षां चिंता अधिक दिसते. कड्यांतून पाणी पाझरतें, हें त्या कारागिरांच्या ध्यानीं आलें होतें, आणि त्या पाण्यास वाट करून देण्याची त्यांची ती धडपड होती. पाण्यानें शेवटीं आपलीच वाट काढली. येथील खडक सच्छिद्र आणि भेगाळलेला. त्याचे दर्शनी भाग कोसळले, छतें ढासळलीं, खांब खालून खंगले. १९५० नंतरच्या दशकांत पुरातत्त्व खात्यानें लेण्यांपुढील ढिगारा उपसला तेव्हां त्यांतून ठेंगण्या, हंसऱ्या यक्षाची एक मूर्ति निघाली. तिच्या हातावर ती घडविणाऱ्याचें नांव आहे : कान्हदास, व्यवसायानें सोनार. ती मूर्ति आतां दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयांत आहे. येथील कलेचें सविस्तर वर्णन म. न. देशपांडे ह्या पुरातत्त्वज्ञांनीं लिहून ठेविलें आहे. जिज्ञासूंनीं तें मिळवून वाचावें.

वेरूळ आणि देवगिरि ह्यांविषयीं आपण पुष्कळ ऐकिलें आहे, म्हणून एवढेंच सांगतों. वेरूळास दोनएक किलोमीटर लांबीचा घट्ट पाषाणाचा कांठ सांपडला, म्हणून वरून खालीं कैलास कोरण्याचें धाडस करतां आलें. देवगिरीचा डोंगर सभोंवार तासून उभ्या भिंतीसारखा केला आहे, तोही त्याच पाषाणाच्या भरंवशावर. तीच छिन्नी, तेंच कौशल्य, पण डोंगर निराळा. त्यामुळें एका ठिकाणीं मंदिर उभें आहे आणि दुसऱ्या ठिकाणीं ढिगारा. कारागिराच्या नांवानें कीर्ति गाणाऱ्या आपल्या पुस्तकांत दगडाला कोणी श्रेय देत नाहीं, ही मला नेहमीं खटकणारी गोष्ट आहे.

पितळखोऱ्याच्या उत्तरेस, अभयारण्याच्या खानदेशाकडील पायथ्याशीं, पाटणादेवीचें स्थान आहे. थोर गणिती भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं त्यांचा नातू चांगदेव ह्यानें तेथें मठ स्थापिला, असें तेराव्या शतकाच्या आरंभींचा तेथील शिलालेख सांगतो. ह्या अंगानें वर येणाऱ्या वाटा खऱ्या चढणीच्या आहेत. साग, सालई, धावडा, पळस, अंजन ह्यांच्या रानांतून त्या थर ओलांडीत येतात. वनखात्याच्या फाटकावर नोंद करून आणि माहीतगार माणूस बरोबर घेऊनच त्या धराव्या. बिबट्या आणि अस्वल हे तेथील कायमचे रहिवासी आहेत. २०२१ मध्यें तर विदर्भांतील टिपेश्वरच्या रानांतून पायीं पायीं आलेला एक तरुण वाघ येथील छायाचित्रयंत्रांत टिपला गेला. वाटाड्या नाहीं, शिदोरी नाहीं, आणि इतकी पायपीट! भ्रमंतीच्या गोष्टी सांगणाऱ्या आम्हां मंडळींनीं त्याच्यापुढें गप्प बसावें हेंच बरें.

आतां जें बोलण्यासाठीं मीं हा विषय घेतला, तें बोलतों. अलीकडे श्रावणांत ह्या डोंगरांकडे मोटारींची रीघ लागते. लोक धबधब्याकडे पाठ करून आपलें छायाचित्र काढितात आणि परततात. त्यानें डोंगराचें फारसें बिघडत नाहीं. कचरा तेवढा राहतो. परंतु स्फटिकाच्या लोभानें कोणी हातोडी घेऊन कडा फोडतो, कोणी दोन हजार वर्षांच्या खांबावर आपलें आणि आपल्या प्रियजनांचें नांव कोरतो, आणि शहराच्या आसपासच्या टेकड्या तर खडीसाठीं मुळापासून पोखरल्या जात आहेत. जो कडा पाण्यानें आधींच खिळखिळा केला, त्याला हातोडीचा एक घाव पुरतो. पितळखोऱ्याची पडलेली भिंत कोणास परत उभी करतां येणार नाहीं. उरलेली मात्र आपल्या डोळ्यांदेखत आहे.

पाट्या लावून आणि दंड करून हें थांबेल असें मला वाटत नाहीं. दगड वाचतां येणारा मुलगा दगडावर नांव कोरीत नाहीं, हें मीं वर्गामागून वर्ग पाहिलें आहे. म्हणून शहरांतील सुशिक्षित आईबापांस माझी विनंति आहे. मुलास साप चावेल, पाय मुरगळेल, अभ्यास बुडेल, म्हणून आपण त्याला घरांत ठेवितां. आणि सुटी लागली कीं पैसे मोजून पाण्याच्या घसरगुंडीवर नेतां. वर्षांतून एक दिवस तरी त्याला कड्याच्या पायाशीं न्या. तांबडी रेघ कोठें आहे, झरा कोठें असेल, हें त्याला ओळखावयास सांगा. त्याचें उत्तर चुकलें तरी पाण्यापर्यंत तो आपल्या पायांनींच जाईल.

गौताळा ज्यांस लांब वाटेल त्यांच्यासाठीं शहराच्या उशाशींच सोय आहे. बीबीच्या मकबऱ्यामागें उत्तरेस जो डोंगर दिसतो, त्यांत औरंगाबादचीं लेणीं आहेत, बरींचशीं सहाव्या-सातव्या शतकांतील. पहिल्या समूहापासून दुसऱ्या समूहापर्यंत सुमारें एक किलोमीटरचें अंतर आहे. वाहनानें वळसा घालण्यापेक्षां कड्याच्या कडेनें पायीं जावें. अश्विन-कार्तिकांत गवत अजून ओलें असतें, पण वाट सुकलेली असते. सकाळीं निघावें, प्रत्येकीं दोन बाटल्या पाणी असावें, आणि पायांत घट्ट बूट असावे, चपला नकोत. वाटेंत डाव्या-उजव्या हातास दगड दिसतील ते वाजवून पाहावे, पण लेण्यांतील नव्हेत. दुसऱ्या समूहाशीं पोंचल्यावर मागें वळावें. खालीं मकबऱ्याचा पांढरा घुमट, त्यापलीकडे सारें शहर, आणि हवा स्वच्छ असली तर पश्चिमेच्या अंगास देवगिरीचा तासलेला माथा दिसतो.