नमुना आणि ठाण
(सुवर्णमहोत्सवी समारंभातील व्याख्यानाचा मजकूर)



ज्ञानदानाचे कार्य करणाऱ्या न्यासाच्या सुवर्णमहोत्सवात जाहिरातीचा विषय काहींना विसंगत वाटेल. जाहिरात ही बाजाराची गोष्ट आणि दान ही पुण्याची, अशी विभागणी मनात रुजलेली आहे. परंतु ज्ञानाचे दार उघडे आहे हे लोकांना कळलेच नाही, तर ते दार बंद असल्यासारखेच होय. म्हणून एका विद्यार्थिनीचे उदाहरण येथे विचारासाठी ठेवले आहे.

मुंबईत १८५७ साली सर ज. जी. कला विद्यालय सुरू झाले आणि १९३५ साली तेथे व्यावसायिक कलेचा स्वतंत्र विभाग निघाला. तेव्हापासून महाराष्ट्रात उपयोजित कलेच्या शिक्षणाची परंपरा आहे. या कलेच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीने अभ्यासप्रकल्पासाठी साबण अथवा शीतपेय न निवडता एक लहानशी धर्मादाय संस्था निवडली. मोडी लिपी, प्राकृत भाषा आणि हस्तलिखितांचे वाचन शिकवणारा रविवारचा वर्ग ही संस्था चालवीत असे. वर्ग उत्तम होता. विद्यार्थी मात्र वर्षागणिक कमी होत चालले होते. आणखी एखादे वर्ष असेच गेले, तर वर्ग बंद करावा लागेल अशी चिन्हे होती.

कार्यकारिणीने तिला अपेक्षा सांगितल्या. भित्तिपत्रकावर पदाधिकाऱ्यांची छायाचित्रे असावीत, देणगीदारांची नामावली असावी, मंदिराचे शिखर असावे आणि ‘संस्कृती वाचवा’ हे घोषवाक्य ठळक असावे. तिने त्याप्रमाणे पहिली मांडणी केली. ताडपत्र, समई, सोनेरी किनार. चित्र देखणे उतरले. तिच्या अध्यापकांनी ते पाहून एकच प्रश्न विचारला : “हे वाचून रविवारी सकाळी कोण घराबाहेर पडेल?” तिच्याजवळ उत्तर नव्हते.

त्यानंतर तिने कागद बाजूला ठेवला आणि सलग चार रविवार ती वर्गात जाऊन बसली. मोडीत आधी संपूर्ण ओळीची शिरोरेघ ओढतात आणि मग शक्यतो लेखणी न उचलता अक्षरे लिहीत जातात, हे तिने प्रथमच पाहिले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे तिने माणसे पाहिली. एक गृहस्थ आजोबांची खातेवही घेऊन येत. एकाला जमिनीचे जुने कागद उलगडायचे होते. एका मुलीला पणजीच्या हस्तलिखित वहीतील स्तवने वाचायची होती. ‘संस्कृती’ या शब्दासाठी कोणीही आलेले नव्हते. प्रत्येक जण घरच्या कपाटातील कागदासाठी आला होता.

तिने आपल्या आजीची पेटी उघडली. पणजोबांचे एक मोडी पत्र निघाले, जे घरात कोणालाही वाचता येत नव्हते. वर्गातील वयोवृद्ध शिक्षकांनी ते वाचून दाखविले. त्यात थोर असे काही नव्हते. कापसाच्या गाठींचा भाव होता, आणि शेवटी ‘सूनबाईचा ताप उतरला काय’ अशी विचारणा होती. आजीच्या डोळ्यांत पाणी आले, कारण ती सून म्हणजे तिची सासू होती.

मोहिमेचा गाभा सापडला. भित्तिपत्रकावर ते पत्र आणि खाली एवढेच शब्द : ‘हे पत्र घरचेच आहे. वाचता येते का?’ शेजारी वार, वेळ, स्थळ आणि शुल्क. परंतु तापाची ओळ छापण्यास आजीने नकार दिला. “घरातल्या बाईचे दुखणे चव्हाट्यावर नको,” असे ती म्हणाली. चित्रकर्तीच्या दृष्टीने तीच ओळ सर्वांत हृदयस्पर्शी होती. तरीही तिने ती झाकली. दुसऱ्याच्या खासगी दुःखावर संस्थेची जाहिरात उभी करायची नाही, ही अहिंसेचीच एक सूक्ष्म बाजू नव्हे काय?

दुसरा प्रसंग सत्याच्या कसोटीचा होता. पत्रकाच्या मसुद्यात ‘तीन महिन्यांत मोडी अस्खलित वाचा’ असे वाक्य होते. शिक्षकांनी ते खोडले. तीन महिन्यांत अक्षरे ओळखू येतात. घाईत लिहिलेला कागद वाचायला वर्षांचा सराव लागतो, असे त्यांचे म्हणणे. काही सदस्यांना भीती वाटली की एवढे खरे सांगितले तर कोणी येणार नाही. बराच वाद झाला. अखेर ‘तीन महिन्यांत अक्षरांची ओळख; पुढचा प्रवास सरावाचा’ असे छापले गेले. कापडाच्या पेढीवर एक साधा नियम असतो. नमुन्याचा तुकडा आणि प्रत्यक्ष ठाण यांत फरक निघाला, की गिऱ्हाईक पुन्हा पायरी चढत नाही. जाहिरात हा नमुना आहे. वर्ग हे ठाण आहे.

खर्च थोडाच झाला. मोठे फलक लावले नाहीत. एका रंगात छापलेली पत्रके मंदिराच्या सूचनाफलकावर, वाचनालयात आणि दुकानांच्या गल्ल्याशेजारी ठेवली. पदाधिकाऱ्यांची छायाचित्रे गळाली. नावे अहवालात राहिली, आणि गुप्तदानाची थोरवी सांगणाऱ्या समाजात कोणी रुसले नाही. नव्या वर्गाच्या पहिल्या दिवशी गर्दी उसळली नाही, पण खुर्च्या रिकाम्याही राहिल्या नाहीत. आलेल्यांपैकी अनेकांच्या हाती घरचा एखादा कागद होता. वर्ग टिकला.

या लहानशा प्रयत्नामागील गरज मात्र मोठी आहे. षट्खंडागमावरील धवला टीका शतकानुशतके मूडबिद्रीच्या ताडपत्रांत जुन्या कन्नड लिपीत जपलेली होती. तिचा पहिला खंड डॉ. हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली १९३९ साली आपल्या अमरावतीहून प्रसिद्ध झाला. ती लिपी वाचणारे आणि ती भाषा जाणणारे विद्वान होते, म्हणूनच हे घडले. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्र शासनाने मराठीबरोबर प्राकृतलाही अभिजात भाषेचा दर्जा दिला. दर्जा शासन देऊ शकते. वाचक मात्र समाजालाच घडवावे लागतात.

जैन कुळात जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली. तिचे वटवृक्षाचे बोधचिन्ह महाराष्ट्रात घरोघरी ओळखले जाते. त्या चिन्हाला मोल आले ते वसतिगृहातील मुलांसाठी अंगावरचे दागिने देणाऱ्या लक्ष्मीबाईंसारख्यांच्या त्यागामुळे. तेथेही नमुना आणि ठाण एकच होते.

समाजातील अनेक मुले-मुली आज अशा कलाशाखांकडे वळत आहेत. त्यांच्यापैकी कोणी न्यासाच्या दारी आले, तर त्यांना प्रथम पाठशाळेत बसू द्यावे, छायाचित्रांची यादी नंतर द्यावी. त्यांच्या श्रमाचे योग्य मानधन द्यावे. ‘घरचेच काम’ म्हणून ते फुकट घेऊ नये. आणि त्यांनी अप्रिय प्रश्न विचारला, तर अनेकांताचे स्मरण ठेवून तो ऐकून घ्यावा. न्यासाची पहिली पन्नास वर्षे वास्तू आणि निधी उभारण्यात गेली. पुढची पन्नास वर्षे त्या वास्तूतील ग्रंथ वाचणारे डोळे घडविण्यात जावोत, हीच सदिच्छा.

जय जिनेंद्र.