कामगाराचं नाव आणि कामगाराचा नंबर

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणावरून)



समितीने आम्हाला कामगारांच्या प्रश्नावर चार शब्द बोला असे सांगितले. मोठे विषय पुष्कळ आहेत आणि त्यावर बोलणारे विद्वानही पुष्कळ आहेत. आम्ही पडलो गिरणीतली माणसं. शाळा नववीपर्यंत, पुढचं सगळं वाचनालयात. म्हणून आज आम्ही फक्त कागदाबद्दल बोलणार. नोकरीला लागताना जे दाखले आणि जे नंबर लागतात, त्यांच्याबद्दल. दर रविवारी विहाराच्या खालच्या खोलीत आम्ही बसतो, तेव्हा येणारी बहुतेक माणसं हेच दुखणं घेऊन येतात.

आमचे वडील गिरणीत लागले तेव्हा त्यांच्याकडे एकही कागद नव्हता. जॉबरने नाव विचारलं, गावी हाक मारायचे ते सांगितलं, कारकुनाने त्याला ऐकू आलं ते लिहिलं. आडनावाच्या जागी गावाचं नाव. झालं! तेव्हापासून गिरणीला वडील ठाऊक होते ते तिकीट नंबराने. पगार त्या नंबरावर, पाळी त्या नंबरावर. आपल्या लोकांना त्या काळी साचाखात्यात घेत नव्हते, धाग्याला तोंड लागतं म्हणून विटाळ मानायचे. बाबासाहेबांनी तो प्रश्न संपाच्या काळात काढला हे आपण जाणता. तर वडिलांच्या पासावर खातं होतं रिंग, आणि नाव होतं कुणा दुसऱ्याचंच. कुणाला त्याचं काही वाटलं नाही. नंबर बरोबर होता ना!

पुढे १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या घरात माणसं बाहेर पडली, त्यातली कितीतरी परत आत गेलीच नाहीत. वडील त्यातलेच. मग पुष्कळ वर्षांनी सरकारने गिरणी कामगारांना घरं देण्याचं ठरवलं आणि अट घातली की १ जानेवारी १९८२ ला किंवा त्यानंतर तुम्ही कामावर होता हे दाखवा. दाखवायचं कशाने? तिकीट नंबर, लाल पास, हजेरीपत्रक, पगाराची पावती, प्रॉव्हिडंट फंडाचा नंबर, ई.एस.आय.चा नंबर. दीड लाखावर अर्ज आले, २०१२ साली सोडत निघाली. आमच्या आईने वडिलांचा लाल पास ट्रंकेच्या तळाशी, लुगड्याच्या घडीत ठेवला होता. तिला वाचता येत नव्हतं. पण 'तुझ्या बापाचा घाम हाय ह्याच्यात' म्हणून तिने तो जपला. त्या पासावर आमचा अर्ज उभा राहिला. नावातल्या फरकासाठी प्रतिज्ञापत्र करावं लागलं ते वेगळं.

शेजारच्या चाळीतल्या एका मावशींचं मात्र ऐका. नवऱ्याची नोकरी बावीस वर्षं. २६ जुलै २००५ च्या पावसात घरात छातीएवढं पाणी, कागदांचा लगदा झाला. नंबर पाठ नव्हता, कुठे लिहून ठेवलेला नव्हता. बावीस वर्षं माणूस रात्रपाळी करून घरी येत होता हे सगळ्या चाळीने पाहिलं, पण चाळीची साक्ष कचेरीत चालली नाही. त्या गेल्या, अर्ज तसाच राहिला.

आमची स्वतःची गोष्टही फार वेगळी नाही. आम्ही १९९० च्या सुमारास बदली कामगार म्हणून लागलो. शाळेत गुरुजींनी आमची जन्मतारीख लिहिली १ जून. इथे बसलेल्यांत १ जूनवाले किती आहेत, हात वर करा! बघा. जूनमध्ये शाळा भरते, म्हणून अख्खा वर्ग एकाच दिवशी जन्मलेला. ते असो. गिरणीच्या कारकुनाने मात्र आमच्या मिशा बघून वय लिहिलं, तीन वर्षं जास्त. मार्च २०२० च्या टाळेबंदीत आमच्या गिरणीचा भोंगा थांबला तो पुन्हा वाजला नाही. मग फंडाची कागदपत्रं काढली तर आमचे दोन जन्म निघाले. दुरुस्तीच्या अर्जावर मालकाची सही पाहिजे. गिरणीला कुलूप, सही कोण देणार? आठ महिने आम्ही फिरलो. कायदे वाचलेला माणूस फिरला, तर न वाचलेल्याचं काय होत असेल!

आता तरुण मुलांनी जरा लक्ष द्यावं. तुम्ही म्हणाल, हे जुन्या काळचं झालं, आता आधार आहे. आहे खरं. पहिलं आधार कार्ड २०१० साली आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिलं गेलं. फंडाचा बारा आकडी यू.ए.एन. २०१४ पासून आला. माणूस कितीही नोकऱ्या बदलो, नंबर जन्मभर एकच, अशी ती योजना. योजना चांगली आहे. पण ठेकेदार विचारतो, 'आधीचा नंबर आहे का?' आणि आमचा पोरगा म्हणतो, 'नाय.' की लागला नवा नंबर. आमच्याकडे एक सिक्युरिटी गार्ड आला. तीन ठेकेदार, चार वर्षं, तीन वर्षं, चार वर्षं, तीन नंबर. पेन्शनला दहा वर्षांची नोकरी लागते. एकेक नंबर बघा, एकही पुरत नाही. एकत्र करा, अकरा होतात. ते एकत्र करून घ्यायला त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. वर तिघांतल्या एका ठेकेदाराने मालकाचा हिस्साही त्याच्याच पगारातून कापला होता. हे बेकायदा आहे, पगाराची चिठ्ठी वाचा म्हणजे कळेल.

आणि आधार म्हणजे जन्माचा दाखला नव्हे. जानेवारी २०२४ मध्ये फंडाच्या कार्यालयाने जन्मतारखेच्या पुराव्यांतून आधार वगळलं. त्याच वर्षी ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयानेही वय ठरवताना आधारापेक्षा शाळेचा दाखला धरला. म्हणून लिव्हिंग सर्टिफिकेट गहाळ करू नका आणि कुठल्याही ठेकेदाराकडे मूळ प्रत ठेवू नका. झेरॉक्स द्या. नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहिता लागू झाल्या आहेत, त्यांत प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र द्यावं असं आहे. ते मागा. मागितल्याशिवाय कुणी देणार नाही, हे आम्ही अनुभवाने सांगतो.

भगिनींचं दुखणं आणखी निराळं. लग्नाआधी फंड बापाच्या नावाने, लग्नानंतर आधार नवऱ्याच्या नावाने. ती एकच बाई आहे हे तिलाच सिद्ध करावं लागतं. विवाहनोंदणीचा दाखला काढून ठेवा, म्हणजे हे पुष्कळ सोपं जातं.

जातीच्या दाखल्याचं बोलल्याशिवाय आमचं बोलणं पुरं होणार नाही. १९५६ ला दीक्षा घेतली, मुलांच्या दाखल्यावर अभिमानाने 'बौद्ध' लिहिलं. केंद्राच्या सवलती मिळायला १९९० उजाडलं, कायदा दुरुस्त झाला तेव्हा कुठे. आज दाखला काढायला गेलं की १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा पुरावा मागतात. आजोबांचा शाळेचा दाखला आणा म्हणतात. अहो, ज्या आजोबाला शाळेच्या दारात उभं केलं नाही त्याचा दाखला आणायचा कुठून? हा राग आमच्या मनात आहे आणि तो आम्ही लपवत नाही. पण रागावर दाखला मिळत नाही. गावाकडे जा. तहसीलला गाव नमुना चौदा, म्हणजे कोतवाल बुक असतं, त्यात जन्ममृत्यूची नोंद जातीसह सापडते. महार वतनाचे जुने कागद असतील तर तेही चालतात. ज्या वतनाने आपल्याला राबवलं त्याचाच कागद आज नातवाच्या नोकरीला उपयोगी पडतो!

बाबासाहेब १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना त्याच काळात, १९४४ च्या अडारकर अहवालात मांडली गेली, तिचा कायदा १९४८ ला झाला. ई.एस.आय.च्या दवाखान्यात औषध घेताना हे आम्हाला नेहमी आठवतं. तो नंबर आमच्या आईला पाठ होता, नातवंडांच्या वाढदिवसासारखा.

आता वेळ झाली, भोजनदानाची तयारी दिसते आहे. पुढच्या रविवारी सकाळी दहापासून खालच्या खोलीत आम्ही तिघे बसणार आहोत. येताना आधार, पॅन, शाळेचा दाखला आणि पगाराची चिठ्ठी घेऊन या. चारही कागदांवर नाव एकसारखं आहे का, तेवढं घरीच बघून या. एक वहीही आणा, नंबर तुमच्याच हाताने लिहून घेऊ. जयभीम.