मिल्त्सेवो : एका रशियन खेड्याची हजेरी

(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा पाठ)



विषय ‘रशियातलं एक खेडं’ असा कळवला, तेव्हा आपले सचिव फोनवर जरा वेळ गप्पच राहिले. त्यांचं चुकलं नाही. मी सिव्हिलचा डिप्लोमा केलेला माणूस, नोकरी उपयंत्रीची. बावीस वर्षं पंचायतींचे रस्ते, तलाव, नाल्या मोजतोय आणि माप-पुस्तिका भरतोय. रशियाला मी गेलेलो नाही, जाण्याचा संभवही नाही. पण वाचनालयात धूळ खात पडलेलं सोल्झेनित्सिन यांचं एक पुस्तक हाती लागलं, आणि त्यातल्या एका कथेनं मला त्या गावात नेऊन बसवलं. पुढं मिळेल ते वाचत गेलो.

गावाचं नाव मिल्त्सेवो. मॉस्कोच्या पूर्वेला व्लादिमीर प्रांत, त्यात काचेच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध असलेलं गूस-ख्रुस्ताल्नी, आणि त्या तालुक्यातलं हे खेडं. भोवतीचा मुलूख सखल, जंगलाचा आणि दलदलीचा. दलदलीत हजारो वर्षं झाडपाला कुजून, दबून जो थर तयार होतो, त्याला पीट म्हणतात. तो कापून वाळवला की जळण होतं. त्या भागातले कारखाने या पीटवर चालत.

सोल्झेनित्सिन आठ वर्षं छावण्यांत आणि पुढं कझाकस्तानात हद्दपारीत काढून 1956 साली इथं आले. शेजारच्या मेझिनोव्हकाच्या शाळेत गणित शिकवू लागले आणि मिल्त्सेवोत मात्र्योना नावाच्या एका एकट्या बाईकडे भाड्यानं राहिले. ‘मात्र्योनाचं घर’ ही कथा त्यातून आली. ती 1963 साली ‘नोवी मीर’ मासिकात छापताना कथेतलं 1956 हे साल बदलून 1953 करण्यात आलं, म्हणजे हाल दिसले तरी ते आधीच्या राजवटीच्या नावावर पडावेत. मागची तारीख टाकण्याची कला सगळ्या देशांत सारखीच दिसते.

अशा गावांची पूर्वपीठिका थोडक्यात सांगतो. 1861 पर्यंत शेतकरी जमीनदाराचे वेठबिगार. मग मुक्ती मिळाली, पण जमिनीची किंमत 49 वर्षं हप्त्यानं फेडण्याच्या बोलीवर. 1907 साली ते हप्ते माफ झाले. जमीन ‘मीर’कडे, म्हणजे गावकीकडे असे. गावकी घरातली माणसं मोजून पट्टे वाटी आणि काही वर्षांनी पुन्हा वाटी. 1917 ला क्रांती झाली, आणि 1929 पासून जमीन-जनावरं सामुदायिक शेतात, कोल्खोझमध्ये, गेली.

कोल्खोझमध्ये महिन्याचा पगार नव्हता. कामाचा ‘दिवस’ वहीत मांडला जाई. लोक त्याला काडी म्हणत, कारण वहीत उभी रेघ ओढत. सरकारचा वाटा गेल्यावर वर्षअखेरीस उरेल ते धान्य काड्यांच्या हिशेबानं वाटायचं. काही उरलं नाही, तर काड्या तेवढ्या राहायच्या. गाव सोडून जावं, तर 1932 साली सुरू झालेला अंतर्गत पासपोर्ट कोल्खोझच्या माणसांना सहसा मिळत नसे, आणि त्याशिवाय शहरात राहता येत नसे. तो सर्वांना देण्याचा निर्णय व्हायला 1974 साल उजाडलं.

आता मात्र्योनाचा दिवस पाहू. घर ओंडक्यांचं, मधोमध विटांची अवाढव्य चूल. पहाटे पेटवायची आणि भांडी आत सरकवून ठेवायची, की दिवसभर अन्न गरम. तीन बिडाच्या भांड्यांत बटाटे : एक पाहुण्याचं, एक स्वतःचं, एक शेळीचं. जेवण बहुधा तेवढंच, नाहीतर सातूची पेज. भिंतीवरच्या कागदांच्या थरांमागं उंदीर धावत, स्वयंपाकघरात झुरळं, आणि खिडकीशी बाईनं जीव लावलेल्या फायकसच्या कुंड्या. परसाची जमीन पंधरा सोत्का, म्हणजे आपले जवळपास पंधरा गुंठे. गाय ठेवायची तर चाऱ्याला गवत कापायची परवानगी नाही, म्हणून शेळी.

चारी बाजूंना पीट, पण ते कारखान्यांसाठी. गावाला विकत मिळत नसे. मग बायका टोळीनं जाऊन चोरून आणत. पाठीवर बत्तीस किलोंचं पोतं, तीन किलोमीटरची चाल, आणि त्यात चूल एकदाच पेटायची. हिवाळ्याचे दिवस दोनशे. गुणाकार तुम्ही करा. मी माप-पुस्तिकेच्या सवयीनं केला आणि पुस्तक मिटून ठेवलं.

या बाईनं पंचवीस वर्षं कोल्खोझमध्ये राबून काढली होती. सहा मुलं तान्हेपणीच गेली, नवरा युद्धात बेपत्ता झाला. 1956 सालीच सोव्हिएत सरकारनं निवृत्तिवेतनाचा मोठा कायदा केला. तो कामगार-नोकरदारांसाठी होता, कोल्खोझची माणसं त्यात नव्हती. म्हणून तिनं नवऱ्याच्या नावानं अर्ज केला. त्यासाठी तो कुठं कामाला होता, किती पगार होता, याचे दाखले हवेत, आणि तेही पंधरा वर्षांपूर्वीचे. एक कार्यालय पूर्वेला वीस किलोमीटर, दुसरं पश्चिमेला दहा, तिसरं उत्तरेला तासभर चालून. कुठं शिक्केवाला नाही, कुठं कागदात चूक. दोन महिने ती चालत राहिली.

इथं मला माझं सांगितलं पाहिजे. काही वर्षांपूर्वी एका रोजंदारी मजुराची बायको आमच्या कार्यालयात येत असे. नवऱ्याच्या जुन्या कामाचा दाखला हवा होता. जुने मस्टर शोधायला लागणार होते. ती चार वेळा आली. चौथ्या वेळी मी तीन ओळींचं पत्र दिलं : अभिलेख उपलब्ध नाही. खाली सही माझी. गोदामाचं कुलूप मी उघडूनही पाहिलं नव्हतं.

मात्र्योना वाचल्यावर उघडलं. निम्मी बाडं वाळवीनं खाल्लेली, पण तीन वर्षांचे मस्टर निघाले. त्याचं नाव होतं, अंगठा होता. सुधारित पत्र करून प्रकरण वर पाठवलं आहे. बाईच्या गावी जाऊन तिला सांगूनही आलो. ती म्हणाली, “बरं केलंत साहेब,” आणि पाणी दिलं. निकाल अजून नाही.

पुन्हा मिल्त्सेवोकडे येतो. आपल्या शेतकऱ्यांत इर्जिक असते. एकमेकांची नांगरट सगळ्यांनी मिळून बैल जुंपून करायची. या गावातही होती, पण बैल-घोडे कोल्खोझचे. म्हणून सहा बायका स्वतःला लाकडी नांगराला जुंपून घेत आणि एकेक करत सहा परसं नांगरत. मात्र्योनाला हाक मारली की ती हातातलं टाकून जायची आणि मोबदला घ्यायची नाही. अध्यक्षांची बायको येऊन कोल्खोझचं खत ओढायला बोलवी, आणि अवजारही आपलंच आण म्हणे. तरी ही जायची.

अखेर तिला ऐंशी रूबल निवृत्तिवेतन सुरू झालं. तिनं जुन्या रेल्वेच्या कोटाचा नवा कोट शिवून घेतला आणि अस्तरात दोनशे रूबल शिवून ठेवले, स्वतःच्या अंत्यविधीसाठी.

ओंडक्यांच्या घराची एक गंमत असते. ते उतरवून, ओंडके वाहून दुसरीकडे पुन्हा उभं करता येतं. मानलेल्या मुलीला परगावी जमिनीचा तुकडा मिळत होता, पण त्यावर काहीतरी बांधकाम हवं होतं. नातेवाइकांनी मात्र्योनाच्या घराची एक खोली ती जिवंत असतानाच उतरवली. लाकूड दोन घसरगाड्यांवर लादलं आणि दोन्ही एकाच ट्रॅक्टरला बांधल्या. दुसरी फेरी वाचावी, एवढंच. रेल्वेच्या फाटकावर दोर तुटला आणि मागची गाडी रुळांत अडकली. मात्र्योना तिथंही मदतीला गेली होती. दिवे न लावता मागं येणाऱ्या इंजिनानं सगळ्यांना चिरडलं. हे कथेतच नाही, 1957 च्या फेब्रुवारीत खरोखर घडलं.

पुढं तरुण शहरांकडे गेले. रशियाच्या 2010 च्या जनगणनेत सुमारे 1 लाख 53 हजार खेडी नोंदली गेली, त्यांपैकी 19 हजारांहून अधिक खेड्यांत एकही माणूस राहत नव्हता.

कोल्खोझच्या माणसांना स्वतःच्या कामावर निवृत्तिवेतन मिळू लागलं 1 जानेवारी 1965 पासून, बायकांना साठाव्या वर्षी, कमीत कमी 12 रूबल. 1961 साली दहा जुन्या रूबलांचा एक नवा झाला होता, म्हणजे मात्र्योनाच्या हिशेबात हे 120. मिल्त्सेवोतल्या तिच्याबरोबर नांगर ओढणाऱ्या बायकांपैकी ज्या तोवर होत्या, त्यांना ते मिळालं असावं.

मागं घंटा वाजायला लागली आहे. प्रश्न असतील तर आरतीनंतर मी इथंच आहे.