ताणाच्या प्रश्नास प्रांजळ उत्तर

“कामाचा ताण आल्यास काय कराल?” या प्रश्नास पहिल्या मुलाखतीत मी “मला ताण येतच नाही” असे बाणेदार उत्तर दिले आणि नोकरीस मुकलो. वस्तुतः अवघड काम शिकताना बेताचा ताण पोषक, तर अतिरेक मारक ठरतो, हे यर्क्स व डॉडसन यांच्या १९०८ मधील उंदरांवरील प्रयोगांपासून मानसशास्त्रात चर्चिले जाते. म्हणून ताण नाकारू नका. घडलेला एक प्रसंग क्रमाने सांगा : परिस्थिती, जबाबदारी, कृती, फलित. पुढील मुलाखतीत मी स्नेहसंमेलनाचा प्रसंग सांगितला. आदल्या दिवशी खजिनदार आजारी पडला; हिशेब माझ्याकडे आला. कामांची यादी करून निम्मी मित्रांत वाटली. तरी एक पावती राहिलीच, तीही सांगितली. तेथे निवड झाली. उत्तर लहान असो, परंतु ते आपले असावे.