जूनचा पट आणि जानेवारीची हजेरी
(सुवर्णमहोत्सवी समारंभातील भाषणाची संहिता)



परिसरातील शाळांच्या गुणवत्तेविषयी मी बोलावे अशी सूचना संयोजकांनी केली तेव्हा मला संकोच वाटला. मी शिक्षणतज्ज्ञ नाही. वाणिज्य शाखेची पदवी घेऊन आयुष्यभर कापडाच्या गादीवर बसलेला माणूस आहे. तथापि गणवेशाच्या कापडाच्या निमित्ताने जिल्हा परिषद शाळांतील सहावी ते आठवीच्या वर्गांशी माझा अनेक वर्षे संबंध आला, आणि त्यातून जे ध्यानात आले तेवढेच आपल्यापुढे ठेवतो.

काही वर्षांपूर्वी जानेवारीत एका शाळेत पारितोषिक वितरणास गेलो होतो. सातवीतील प्रथम क्रमांकाच्या मुलीचे नाव पुकारले गेले. कोणी उठले नाही. पुन्हा पुकारले, तेव्हा मागच्या रांगेतून एक मुलगा म्हणाला, "ती भट्टीवर गेली, सर." मुख्याध्यापकांनी शांतपणे दुसऱ्या क्रमांकाचे नाव घेतले आणि कार्यक्रम पुढे सरकला. शाल-श्रीफळ स्वीकारून मी घरी आलो, पण ते वाक्य मनातून गेले नाही.

जव्हार, मोखाडा, विक्रमगड या भागांतील पुष्कळ आदिवासी कुटुंबे भातकापणी आटोपली की वसई, भिवंडी, कल्याणकडील वीटभट्ट्यांवर जातात. उचल आधीच घेतलेली असते, त्यामुळे जाणे टळत नाही. पावसाळ्याच्या तोंडावर ती परततात. दिवाळीत आपल्या पेढीवर चोपडा पूजन होऊन नवे खाते उघडते, त्याच सुमारास या मुलांचे दप्तर खुंटीला लागते. लहान भावंड असेल तर मोठी बहीण हमखास सोबत जाते. घरची चूल आणि कडेवरचे मूल तिने सांभाळायचे असते.

आता हिशेबाकडे वळतो, कारण तेवढेच मला येते. समजा जूनमध्ये वर्गात 40 मुले होती, दिवाळीनंतर 28 उरली आणि त्यांतील 21 मुलांना नीट वाचता येते. शाळेचा निकाल झाला 75 टक्के. परंतु जूनच्या पटावर मोजाल तर तो 52 टक्क्यांच्या आसपास येतो. वर्षारंभीचा माल बाजूला ठेवून केवळ वर्षअखेरीच्या शिलकेवर नफा काढणाऱ्या मुनीमास आपण पेढीवर ठेवणार नाही. यात शिक्षकांचा कपटभाव नाही. समोर जो बसला आहे त्याचीच परीक्षा ते घेऊ शकतात.

शासनाच्या मोठ्या चाचण्यांचेही असेच होते. राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण 13 नोव्हेंबर 2017 आणि 12 नोव्हेंबर 2021 रोजी झाले, त्यानंतरचे परख सर्वेक्षण 4 डिसेंबर 2024 रोजी. तिन्ही तारखा दिवाळीनंतरच्या आहेत. त्या दिवशी शाळेत असलेल्या मुलांचीच चाचणी होते. याउलट 'प्रथम' संस्थेच्या पुढाकाराने 2005 पासून ग्रामीण भागात होणाऱ्या 'असर' पाहणीचे कार्यकर्ते घरोघर जातात, त्यामुळे पटावर असून शाळेत न येणारे मूलही, ते गावात असेल तर, त्यांना भेटते. दुसरीच्या पुस्तकातील उतारा वाचू शकणाऱ्या आठवीच्या मुलांचे देशभरातील प्रमाण या पाहणीत 2018 मध्ये सुमारे 73 टक्के होते, 2022 मध्ये ते 70 च्या किंचित खाली आले. म्हणजे आठवीतील दहांपैकी तिघांना दुसरीचे पुस्तक जड जाते. मात्र भट्टीवर गेलेले मूल याही पाहणीच्या हाती गावात लागत नाही.

बोईसर-तारापूरचे चित्र आणखी निराळे आहे. देशातील पहिले अणुविद्युत केंद्र 1969 मध्ये तारापूरला सुरू झाले, पुढे औद्योगिक वसाहत उभी राहिली, 2013 मध्ये उपनगरी लोकल डहाणूपर्यंत आली आणि 2014 मध्ये पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला. 2011 च्या जनगणनेनुसार आजच्या जिल्ह्याच्या क्षेत्रात सुमारे 30 लाख लोक होते व त्यांतील 37 टक्के आदिवासी. कारखान्यांमुळे उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा येथील कुटुंबे आली. डोंगरातील शाळेतून मुले जातात, तर इथल्या शाळेत ती वर्षाच्या मध्येच येतात आणि ठेकेदाराचे काम संपले की निघूनही जातात. एकाच बाकावर घरी वारली बोलणारा, भोजपुरी बोलणारा आणि मांगेली बोलणारा अशी तीन मुले बसतात. तिघांच्या हातांत पुस्तक मात्र प्रमाण मराठीचे. सहावीचे गणित शिकविण्यापूर्वी शिक्षकास गणिताची भाषा शिकवावी लागते. अशा वर्गाची टक्केवारी खासगी इंग्रजी शाळेच्या टक्केवारीशेजारी मांडून 'सरकारी शाळा बिघडल्या' असे म्हणणारे आपल्यात पुष्कळ आहेत. (क्षमा करावी, गादीवर बसून मीही तसे म्हटले आहे.)

वास्तविक त्या शाळा आपण सोडल्या. माझ्या पिढीतील अनेकजण जिल्हा परिषदेच्या शाळेतच शिकले. त्या काळी आपले वडील शाळेत जाऊन गुरुजींना विचारत की मूल का मागे पडले. आज आपली नातवंडे बसने इंग्रजी शाळेत जातात आणि त्या शाळेत विचारणा करणारा पालक उरला नाही. ज्याचे पोट रोजंदारीवर आहे त्याने कोणत्या दिवशी खाडा करून विचारायचे?

आपल्याच जिल्ह्यात या प्रश्नाकडे फार पूर्वी सरळ नजरेने पाहिले गेले. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला काम आरंभिले आणि 1957 मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. गुरे राखणारी मुले शाळेत येत नाहीत असे दिसल्यावर त्यांनी मुलांना दोष दिला नाही. शिक्षकच कुरणात गेला आणि 'कुरणशाळा' भरू लागली. मूल जिथे आहे तिथे शाळेने जावे हा त्यांचा विचार आज वीटभट्टीलाही लागू पडतो.

कायद्यातही आधार आहे. 1 एप्रिल 2010 पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्यानुसार स्थलांतरित मुलास दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. परंतु दुसरी बाजूही पाहावी. 2019 च्या केंद्रीय दुरुस्तीनंतर आपल्या राज्यात 2023-24 पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आली. अनुत्तीर्णास फेरपरीक्षेची एक संधी मिळते, तीही गेली तर त्याच वर्गात बसावे लागते. सहा महिने विटा थापून आलेल्या चौदा वर्षांच्या मुलीस पुन्हा आठवीत बसविले तर ती बसेल की लग्नाला उभी राहील, हे आपण जाणता. आठवीतील गुणवंतांसाठी राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती आहे. वर्षाला 12,000 रुपये, बारावीपर्यंत. तिची परीक्षाही बहुधा डिसेंबरातच येते, आणि तेव्हा ती भट्टीवर असते.

म्हणून विश्वस्त मंडळापुढे माझी एक मागणी आहे. आपण दरवर्षी वर्गातील पहिल्या तिघांना पारितोषिके देतो, ती खुशाल द्यावीत. परंतु तेवढीच रक्कम वेगळी काढून दिवाळीनंतर गावातच राहणाऱ्या मुलांच्या निवासासाठी आणि जेवणासाठी द्यावी. आजी-आजोबांकडे मूल ठेवण्यास आई-वडील पुष्कळदा तयार असतात. अडते ते दोन वेळच्या धान्यावर आणि संध्याकाळच्या अभ्यासावर. फेरपरीक्षेची तारीख भट्टीपर्यंत पोहोचविणे हे तर केवळ एका दूरध्वनीचे काम आहे, मात्र ते करणारा कोणीतरी नेमावा लागेल. आणि शाळांकडून निकाल मागताना टक्केवारीसोबत जूनचा पट व जानेवारीची हजेरी हे दोन आकडे मागावेत.

यंदा दिवाळीची सुट्टी संपताच त्या शाळांत जाऊन मी स्वतः पट मोजणार आहे. पेढी दोन दिवस मुलगा सांभाळेल. सोबत दोन तरुण कार्यकर्ते हवे आहेत, वारली बोलता येणारा एक असल्यास उत्तम. कार्यक्रमानंतर मी प्रवेशद्वाराजवळच थांबतो, इच्छुकांनी नाव द्यावे.