आठ नंबरवर नाव कुणाचं?

(रेवदंडा येथे झालेल्या महिला कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषण)



सकाळपासून आपण मारहाण, पोटगी, दारू यांवर बोललो. मी जरा रुक्ष विषय घेणार आहे, घरपट्टीचा. पण नवऱ्यानं टाकलेली बाई जेव्हा येऊन म्हणते, "ताई, भाऊ घर विकतायत, मी कुठं जाऊ?" तेव्हा तिच्या हातात कागद कोणता, हे आपल्याला ठाऊक हवं.

इथल्या वाड्यांचं चित्र तुम्हाला सांगायला नको. नारळी-पोफळीतलं जुनं घर, भाऊ मुंबईला नोकरीत. घरात राहते ती बहीण. आईबापांचं दुखणंखुपणं तीच काढते, पावसाआधी कौलं तीच चाळून घेते, घरपट्टीही तीच भरते. पावती मात्र वारलेल्या बापाच्या नावानं फाटते. ग्रामपंचायतीच्या आठ नंबरच्या उताऱ्यात मालकाचं नाव आणि भोगवटादाराचं नाव असे दोन रकाने असतात. बाईचं नाव असलंच, तर ते बहुतेक दुसऱ्या रकान्यात.

2024 साली अटल सेतू सुरू झाला, मुंबई जवळ आली, आणि भावांनाही घराची आठवण यायला लागली.

रेवदंड्याजवळच्याच एका गावातली बाई माझ्याकडे आली होती. दोन भाऊ, ही एक बहीण, आईबाप दोघंही गेलेले, मृत्युपत्र नाही. म्हणजे हिचा एक-तृतीयांश हिस्सा. भावांनी गिऱ्हाईक आणलं. ही म्हणाली, "परक्याला कशाला? तुमचे हिस्से मीच घेते." गळ्यातलं विकलं, बचत गटाचं कर्ज काढलं, रोख पैसे मोजले. भावांनी स्टँपपेपरवर लिहून दिलं, "राजीखुशीनं हक्क सोडला." नोटरीचा शिक्का मारला. काही वर्षांनी थोरला भाऊ वारला, आणि वहिनी विचारू लागली, "पैसे दिल्याचं कुठं लिहिलंय?" खरंच, कुठंच लिहिलं नव्हतं. आणि नोटरीच्या कागदानं घराचा हिस्सा नावावर होत नाही. त्याला दुय्यम निबंधकाकडे नोंदणी लागते.

हक्कसोडपत्र हा शब्द आपल्या चांगला ओळखीचा आहे. भाऊबीज चालू राहावी म्हणून बहिणी त्यावर सह्या करत आल्या. इथं उलटं होतं, बहीण घेणारी होती. पण कागद तोच वापरला, फुकट देण्याघेण्याचा. पैसे देऊन हिस्सा घेत असाल तर रक्कम दस्तात लिहा आणि ती चेकनं किंवा बँकेतून द्या. 2021 पासून एकट्या बाईच्या नावानं राहतं घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. हिस्सा घेताना ती मिळेल का, हे दस्त करण्याआधीच विचारून घ्या.

कायदा याबाबतीत तिच्या बाजूनं आहे, हे मुद्दाम सांगते. 1956 च्या हिंदू वारसा कायद्यानं मुलीला हिस्सा दिला, पण कलम 23 नं राहत्या घराची वाटणी तिला मागू दिली नाही. भाऊ वाटून घेतील तेव्हाच. 9 सप्टेंबर 2005 पासून ते कलम गेलं. कलम 22 मात्र आहे, आणि त्याची माहिती वकिलांकडूनही फारशी मिळत नाही. एका वारसाला आपला हिस्सा विकायचा असेल, तर तो आधी घेण्याचा हक्क बरोबरच्या वारसांना आहे. किमतीवर जमलं नाही, तर कोर्ट किंमत ठरवतं.

आता आठ नंबरकडे येऊ. कोर्ट म्हणतं, हा मालकीचा पुरावा नाही, कर कुणाकडून घ्यायचा याची ती वही आहे. बरोबरच आहे. पण गावात घर कुणाचं, हे त्याच वहीवरून ठरतं. 2020 साली सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत गावठाणातल्या घरांची ड्रोननं मोजणी होऊन मिळकत पत्रिका तयार होतात, तेव्हाही या वहीतलं नाव समोर येतं. म्हणून बापानंतर पहिलं काम वारस नोंदीचं. सगळ्या वारसांची नावं, बहिणींसकट, मालकाच्या रकान्यात. "थोरल्याचं नाव घाला, बाकीचे आहेतच की," यावर विश्वास ठेवू नका. "बाकीचे" कागदावर नसतात.

दस्त करण्याआधी थकबाकी नसल्याचा दाखला आणि ताजा उतारा घ्या. दोन्ही सेवा हक्क कायद्याच्या यादीत आहेत, म्हणजे ठरावीक मुदतीत मिळायला हव्यात. घराचा क्रमांक आणि लांबीरुंदी उताऱ्याशी जुळते का ते पाहा. मागाहून बांधलेली पडवी पुष्कळदा नोंदलेलीच नसते. शिवाय घरपट्टी आहे घराची. खालची जमीन सातबाऱ्यावर किंवा मिळकत पत्रिकेवर असते. दस्तात दोन्ही लिहिलं नाही तर भिंती तुमच्या आणि जमीन तिघांची, असा प्रकार होतो.

नोंदणी झाली की सातबाऱ्याच्या फेरफाराची खबर तलाठ्याकडे आपोआप जाते. (2024 पासून तलाठ्याला ग्राम महसूल अधिकारी आणि ग्रामसेवकाला ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं आहे. गावात अजून जुनीच नावं चालतात.) ग्रामपंचायतीच्या वहीतलं नाव मात्र अर्ज केल्याशिवाय बदलत नाही. अर्जाला नोंदलेल्या दस्ताची प्रत, सूची क्रमांक दोन आणि घरपट्टीची पावती जोडा. पोच घ्या, तारखेसकट. नवीन उतारा हातात आला की कोणत्या रकान्यात नाव आलं ते तिथंच वाचा. जुन्या पावत्या फेकू नका. त्यांनी मालकी मिळत नाही, पण भावांच्या वाटणीचा करही तुम्हीच भरलात, तर किंमत ठरवताना तो हिशेबात धरा म्हणून सांगता येतं.

हिश्शांचं जे बोलले ते हिंदू कायद्याचं. आपल्यात मुसलमान मैत्रिणी आहेत, कोर्लईच्या ख्रिस्ती मैत्रिणी आहेत. त्यांचे हिस्से त्यांच्या कायद्यानं वेगळे मोजले जातात, ते वकीलताई सांगतील. आठ नंबर मात्र सगळ्यांना एकच.

त्या बाईनं धाकट्या भावाकडून नोंदणीकृत दस्त करून घेतला आहे. वहिनीशी बोलणं चालू आहे. तोवर मालकाच्या रकान्यात वारस म्हणून सगळ्यांची नावं लागली, त्यात तिचंही आहे.

ज्यांनी घरचा उतारा आणलाय त्यांनी जेवण झाल्यावर ओसरीवर यावं. एकेकीचा घेऊन वाचू.