वळिवड्याची शाळा



आपल्या हुपरीजवळच्या वळिवड्यात १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले. सैबेरियातून सुटून इराणमार्गे आलेले, बहुतेक बायका आणि मुलं. छावणीत बराकी होत्या, दवाखाना होता आणि शाळाही होत्या. ते गेले आणि फाळणीत घरदार गमावलेले सिंधी तिथं आले. तेच आजचं गांधीनगर.

युद्धात पळालेल्या मुलाला भाकरीइतकीच शाळा लागते. आपण आज शाळेसाठी निधी जमवतोय. त्यातला थोडा वाटा युनिसेफमार्फत अशा मुलांच्या शिक्षणाला देऊया, एवढीच विनंती. मी सॉफ्टवेअरवाली, ऑनलाइन पैसे पाठवायचं आणि पावत्यांचं काम माझ्याकडे. पहिली पावती माझ्याच नावाची फाडते.